डावा सहा, उजवा तीन

“आत्या, पाय सैल सोड ना गं. जोर नको लावूस.”

करिष्मा फरशीवर फतकल मारून बसली होती आणि बकुळाआत्याचा उजवा पाय नव्या सँडलमध्ये घालायची खटपट करत होती. पाय काही जाईना. बोटं आत दुमडली, टाच बाहेरच राहिली. डाव्या पायातल्या सँडलची तऱ्हा आणखीनच वेगळी. ती इतकी सैल की बकुळाने पाय उचलला तर पाय तेवढा वर आला आणि सँडल जमिनीवरच राहिली.

“अगं बाई, उलटी आली!” स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभी असलेली संध्या म्हणाली. “डावी मोठी आली नि उजवी लहान. आता गं?”

“असं कसं होईल मम्मी? मी नीट टाकलंय.” करिष्माने मोबाइल उघडला. “हे बघ. लेफ्ट सिक्स, राइट थ्री. करेक्ट तर आहे.” मग तिने आत्याच्या पायांकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला. “आत्या! तूच सांगितलंस ना मला? डावा सहा, उजवा तीन?”

बकुळाने सांगितलं होतं, ते खरंच होतं. गणपतीआधी पिकोची कामं अंगावर आलेली, मशीन धडधडत होती, आणि करिष्माने पलंगावरूनच विचारलं, “आत्या, तुझ्या पायाचा नंबर काय गं?” बकुळाने मान वर न करता सांगून टाकलं, “डावा सहा, उजवा तीन.” आता डाव्या पायाला पोलिओ झालेली, त्याच पायाच्या गुडघ्यावर हात दाबत उभा जन्म चाललेली बावन्न वर्षांची बाई स्वतःचाच डावा-उजवा कसा विसरेल? पण विसरली खरी.

“ताई, आता पायसुद्धा विसरायला लागलीस का तू?” तिचा धाकटा भाऊ संतोष सोफ्यावरून हसत म्हणाला. सगळे हसले. बकुळाही हसली. तिला एकदम कळलं होतं काय झालं ते. पण ते या तिघांना सांगायचं म्हणजे सुरुवात कुठून करायची?

तो नंबर तिचा नव्हताच. तो पुतळाबाईचा होता.

पुतळाबाईची गोष्ट सांगायची तर आधी चपलांची सांगायला हवी. बकुळाचा डावा पाय तीन नंबरवर थांबला आणि उजवा वाढत वाढत सहा नंबरपर्यंत गेला. दुकानात मिळते जोडी, दोन्ही पाय सारख्या नंबरची. यात दुकानदाराची काही चूक नाही, जगाचे पाय तसे आहेत. पण बकुळाला दर वेळी दोन जोड्या घ्याव्या लागायच्या. एक सहाची, एक तीनची. त्यातली एकेक वापरायची आणि उरलेल्या दोन कोऱ्या करकरीत घरात पडून राहायच्या. आई होती तोवर तिने त्या गोणीत भरून माळ्यावर ठेवल्या, टाकवत नाहीत म्हणून. लहानपणी बकुळाला वाटायचं, त्या गोणीत आणखी एक बकुळा राहते, जिचा उजवा पाय बारीक आहे.

आणि ती निघाली की हो! उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये नेवंदशेठ म्हणून एक सिंधी दुकानदार. बकुळा त्याला दर वर्षी म्हणायची, शेठ, मला एकेकच द्या. तो कानाला हात लावायचा. “बाई, जोडी तोडली तर मागे राहिलेला पाय दुकानात बसून रडतो. धंदा बसतो आपला.” पण एका वर्षी तो स्वतःच म्हणाला, “बाई, थांबा जरा. अंबरनाथसाइडची एक बाई येते माझ्याकडे. उसका सब तुम्हारे से उल्टा है. दोघी मिळून दोन जोड्या घ्या, माझी जोडी नाही तुटत, तुमचे पैसे नाही तुटत.”

तेव्हापासून, म्हणजे वीसबावीस वर्षं तरी झाली असतील, पितृपक्षातल्या अष्टमीला बकुळा आणि पुतळाबाई नेवंदशेठच्या दुकानात भेटत. पितृपक्षातच का? तर त्या पंधरवड्यात नवी वस्तू कोणी घेत नाही. दुकानात माशा मारत बसलेला शेठ मग वीस खोकी उघडून दाखवायलाही कंटाळत नाही. संध्याला ते मुळीच आवडायचं नाही. “पितरांच्या दिवसात नवी चप्पल! काय म्हणावं या बाईला!” पण बकुळाचे पितर चांगले होते, कधी रागावले नाहीत.

दुकानात दोघींची एक रीत पडली होती. सँडल नीट बसली का ते उभं राहून, पायावर भार देऊनच कळतं. आणि उभं राहिल्यावर वाकून अंगठा चाचपायला जावं तर गुडघ्यावरचा हात सुटतो, बाई तोंडावर आपटते. म्हणून एकीने उभं राहायचं आणि दुसरीने बाकावर बसून तिच्या अंगठ्यापुढची जागा दाबून बघायची. पुतळाबाईचा पाय बकुळा बघायची आणि शेठला ओरडून सांगायची, “डावा सहा, उजवा तीन!” बकुळाचा पाय पुतळाबाई बघायची. ती ओरडायची, “डावा तीन, उजवा सा!” इतक्या वर्षांत बकुळाने स्वतःचा नंबर कधी तोंडाने सांगितलेलाच नव्हता. तो सांगायचं काम पुतळाबाईचं.

पण हे संतोषला काय सांगायचं? तो म्हणाला असता, बरं मग?

करिष्माने सँडलच्या कंपनीला फोन लावला. तिच्याच ऑफिसात कोणीतरी त्या कंपनीची जाहिरात दाखवली होती. दोन पाय, दोन नंबर, एकच जोडी. ज्यांचे पाय वेगळे त्यांच्यासाठी खास काढलेला नवा माल. करिष्मा धावत घरी आली होती. “आत्या, आता तुला कुठे जायलाच नको! घरबसल्या येणार!” पोरीचं तोंड नुसतं फुललं होतं. बकुळाला तेव्हा आधी खरोखर बरं वाटलं होतं. कुणालातरी आपली आठवण आली, कुणीतरी बसून विचार केला, हे काय थोडं झालं? आणि मागोमाग एक शब्द टोचला होता. घरबसल्या. घरात तर ती बसलेलीच होती.

हेंद्रेपाड्यात पूर्वी त्यांचं बैठं घर होतं. बकुळा पायरीवर बसून फॉल लावायची, येणारीजाणारी बाई थांबून बोलायची. मग तिथे इमारत झाली आणि यांच्या वाट्याला तिसरा मजला आला. बिल्डरने लिफ्टसाठी जागा सोडली, लिफ्ट काही बसवली नाही. त्या पोकळीत आता कबुतरं राहतात. बकुळा खाली उतरायची ती दवाखान्यासाठी, कुणाच्या लग्नासाठी आणि अष्टमीला. गेल्या वर्षी अष्टमीहूनच परत येताना दुसऱ्या मजल्यावर पाय सटकला आणि मनगटाला प्लास्टर बसलं. त्या दिवसापासून संतोषने एकच पाढा लावला होता. “ताई, तुझ्या भल्यासाठीच सांगतोय.”

फोनवरची मुलगी गोड बोलत होती. करिष्माने स्पीकर लावला. “मॅम, आम्ही तुम्हाला बरोबर जोडी पाठवतो. आधीची परत करू नका, ठेवून घ्या. ती आम्ही दुसऱ्या कोणालाच विकू शकत नाही.”

“शकता की,” बकुळा मशीनवरून म्हणाली. “मी सांगते कुणाला ते.”

“सॉरी मॅम?”

“काही नाही, काही नाही,” करिष्मा घाईने म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

गौरीगणपती गेल्यावर बरोबर जोडी आली. करिष्माने मोबाइल समोर धरला. “आत्या, आता घालून चाल हं. कंपनीला व्हिडिओ पाठवायचा आहे. त्यांना कस्टमरची रिअ‍ॅक्शन हवीय.”

बकुळाने सँडल घातली. खोटं कशाला बोला, सुरेख होती. डावा पाय आत गेला तो जसा काही स्वतःच्या अंथरुणात शिरला. तळ मऊ, पट्टा हलका, लहान पायाखाली थोडी उंचीही दिलेली. ती हॉलमध्ये दारापासून गॅलरीपर्यंत चालली. गुडघ्यावरचा हात नेहमीइतका दाबावा लागला नाही. ज्याने कोणी ही केली, त्याच्या हाताला यश येवो, असं तिच्या मनात आलं. गॅलरीच्या कठड्यापाशी ती थांबली आणि वळली. आता परत दारापर्यंत. आणि मग? मग कुठे? बस्स, इतकंच. ही सँडल घालून जायचं असं जगात एकच ठिकाण होतं, आणि तिथे आता जायचं कारण उरलं नव्हतं. तिचे डोळे भरून आले.

“ओ माय गॉड, आत्या!” करिष्मा कुजबुजली. मोबाइल तिने आणखी जवळ आणला. “बोल ना काहीतरी. कसं वाटतंय?”

“छान आहे,” बकुळा म्हणाली. “मापाची आहे.”

तो व्हिडिओ कंपनीने टाकला. खाली लिहिलं, आनंदाश्रू. हजारो लोकांनी बघितला म्हणे. कंपनी इतकी खूश झाली की पुढची एक जोडी फुकट कबूल केली. खालच्या मजल्यावरच्या बायका वर येऊन बकुळाला बघून गेल्या. बकुळा म्हणाली, चहा घ्या.

अष्टमीच्या आदल्या संध्याकाळी जेवताना तिने विषय काढला.

“मी उद्या कॅम्प चारला जाऊन येईन म्हणते.”

“कशाला?” संतोषचा घास हातातच राहिला. “आता तर तुझी अडचणच संपली ना?”

“माझी संपली. पुतळाबाईची कुठे संपली? ती दुकानात येऊन बसेल. मी गेले नाही तर तिला एका पायाची सँडल नाही. आणि ही उलटी जोडी तिच्याच मापाची आहे. तिला द्यायची आहे.”

“मग पत्ता दे. कुरिअर करतो.”

“पत्ता माहीत नाही.”

“फोन?”

“तिच्याकडे मोबाइल नाही. सुनेच्या मोबाइलवर एकदा केला होता, तर सून म्हणाली राँग नंबर.”

“वीस वर्षांची ओळख आणि पत्ता माहीत नाही?” संध्या म्हणाली. “धन्य आहे ताई तुमची.”

“दुकान माहीत आहे ना,” बकुळा म्हणाली. “तेवढ्याने भागत होतं.”

“ताई, अगं तुझ्या भल्यासाठीच...” संतोषने सुरुवात केली. बकुळाने ताटाकडे बघत ऐकून घेतलं. मनगट, जिना, वय, रस्त्यातले खड्डे, सगळं आलं. खोटं त्यात काहीच नव्हतं. संतोषसारखा भाऊ मिळायला नशीब लागतं, हे तिला चार लोकांनी सांगितलं होतं आणि तिलाही ते पटलेलं होतं. तीच तर पंचाईत. वाईट माणसाशी भांडता तरी येतं.

“मी जाणार आहे,” ती म्हणाली. “हे शेवटचं म्हण हवं तर.”

शेवटचं म्हटल्यावर संतोष विरघळला. खाली राहणाऱ्या जितेशची रिक्षा ठरली. “दुकानाच्या दारात सोडायचं, दारातूनच उचलायचं,” संतोषने त्याला बजावलं. “आणि तासाभरात परत.”

दुसऱ्या दिवशी बकुळा जुनीच सँडल घालून उतरली आणि दोन्ही नव्या जोड्या पिशवीत घेतल्या. पुतळाबाईसमोर नवी घालून जायला तिला कसंसंच वाटलं.

नेवंदशेठचं दुकान होतं तसंच होतं, शेठ तेवढा आणखी वाळला होता. आणि बाकावर, पंख्याखाली, उजव्या मांडीवर हात ठेवून पुतळाबाई बसलेली होती. साठी केव्हाच उलटलेली, नऊवारी घट्ट नेसलेली, कानात बुगड्या.

“काय गो बकुला, आयलीस? माना वाटला येतंस का नाय. मी सकालपासून बसलंय हिथं.”

“मावशी,” बकुळा म्हणाली आणि तिच्या शेजारी बसली. मग तिने पिशवीतून उलटी जोडी काढली आणि तिच्या पायांपाशी ठेवली. “घाला बघू.”

पुतळाबाईने पाय घातले. डावा सहा, उजवा तीन. ती उभी राहिली, तसा बकुळाने वाकून सवयीने तिच्या अंगठ्यापुढची जागा दाबली. बोटभर जागा, हवी तेवढीच. पुतळाबाई दारापर्यंत गेली, परत आली. तिच्या तोंडावर लहान पोरीला जत्रेत नेल्यासारखा भाव होता.

“लोनी हाय गो, लोनी! शेट, बगलाव का? दोन पायांना दोन येगले नंबर, आन एकाच खोक्यात!”

“देखा देखा,” नेवंदशेठ म्हणाला. त्याने सँडल हातात घेऊन तळ वाकवून बघितला, शिलाई बघितली. “माल चांगला आहे. एकदम फस्ट क्लास. अब मेरा क्या काम?” तो हसला, पण चहा सांगायला विसरला नाही.

बकुळाने आपली जोडी घातली. दोघी उठल्या आणि दुकानात चालल्या. त्यांची चालायचीही एक रीत होती. बकुळाचा डावा हात डाव्या गुडघ्यावर, पुतळाबाईचा उजवा हात उजव्या गुडघ्यावर, आणि मोकळे उरलेले दोन हात एकमेकींत. मध्ये दोघींचे धडके पाय. रस्त्यावर कुणाचा हात धरला की बकुळाला ओढल्यासारखं व्हायचं. पुतळाबाईबरोबर तसं कधी झालं नाही. एक इकडे झुकली की दुसरी तिकडे झुकायची आणि तोल बरोबर मध्ये राहायचा.

“मावशी, तुमचा पत्ता द्या मला. किंवा माझा घ्या,” बकुळा एकदम म्हणाली.

“पत्ता घेऊन काय कराचा?” पुतळाबाई बाकावर टेकली. “माना तुजं तीन माले चढाय होनार नाय, आन माज्या घरी तुला कोन आनंल? आन खरा सांगू? घरी तू आत्या, मी म्हातारी. बसा, उठू नका, पडाल. हिथं आपुन गिऱ्हाईक हाव गो. हिथं शेट आपल्यासमोर उकिडवा बसतं.”

शेठने ते ऐकलं आणि हात जोडले.

चहा आला. दोघी फुंकून फुंकून पीत राहिल्या. बाहेरून जितेशच्या रिक्षाचा हॉर्न वाजला. दोनदा वाजला.

“बरा झाला,” पुतळाबाई आपल्या नव्या सँडलकडे बघत म्हणाली. “पायाची चिंता मिटली. आता पुडल्या वर्साला तू कशाला येशील गो? आन मी तरी कशाला येऊ? सून म्हनंल, हाय ना चांगली, बस घरात.”

बकुळाने रिकामा कप बाकावर ठेवला. तिला रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि राग कोणावर काढावा हेच कळत नव्हतं. करिष्मावर? ती पोर तर जीव टाकते. कंपनीवर? त्यांनी तर मापाची सँडल दिली. साऱ्या जगात एकच माणूस असं होतं की ज्याचं बकुळावाचून अडत होतं. आता त्याचंही अडणार नव्हतं. कुणाचंच अडणार नव्हतं.

पुन्हा हॉर्न वाजला. “बकुळामावशी, चला हो! साहेब ओरडतील मला!” जितेश दारातून डोकावला.

बकुळाने खाली वाकून आपल्या डाव्या सँडलचा पट्टा सोडला. ती लहानगी सँडल तिने पुतळाबाईच्या खोक्यात ठेवली. “डावी काढा,” ती म्हणाली.

“काय गो?”

“डावी काढा मावशी, तुमची. इकडे द्या.”

पुतळाबाईने काढून दिली. बकुळाने ती सहा नंबरची डावी आपल्या सहा नंबरच्या उजवीशेजारी आपल्या खोक्यात ठेवली आणि झाकण लावलं. पुतळाबाईच्या खोक्यात राहिल्या दोन्ही तीन नंबरच्या. शेठ बघतच राहिला.

“अरे बाई, ये क्या किया? आता तर बाजारात मिळतात तशाच झाल्या! दोघींच्याही बिघडल्या!”

“बिघडू देत शेठ,” बकुळा म्हणाली. “पुढच्या अष्टमीला येऊ, बदलून घ्यायला.”

पुतळाबाईला तेव्हा कुठे उमगलं. ती तोंडाला पदर लावून हसायला लागली, इतकी की बाक हलायला लागला. “चाबरी हायस गो तू! येवरी वर्सा झाली, माना म्हाईतच नाय!” हसता हसता तिने डोळे पुसले. मग दोघींनी आपापल्या जुन्या सँडल चढवल्या. वर्षभर आणखी चालल्या असत्या त्या. नाही कशाला चालतील?

रिक्षात बकुळा खोकं मांडीवर घेऊन बसली होती. आपण आयुष्यात पहिल्यांदाच काहीतरी लबाडी केली, आणि ती किती सोपी होती, याचंच तिला नवल वाटत होतं.

घरी पोहोचल्यावर करिष्माने खोकं उघडलं. “आत्या! या दोन्ही सिक्स आहेत! अगं, तुमची अदलाबदल झाली!”

बकुळाने तोंडात आलेलं वाक्य म्हणून टाकलं. “हो का? बदलून आणावी लागेल मग. पुढच्या अष्टमीला.”

पण करिष्माची ऑर्डर टाकूनही झाली होती. “टेन्शन नको घेऊस. ती फुकटवाली जोडी आहे ना आपली, तीच मागवली. आणि आता तुला नंबरही सांगायला नको. सेव्ह करून ठेवलाय मी. बकुळाआत्या, लेफ्ट थ्री, राइट सिक्स.” तिने आत्याच्या गळ्यात हात टाकले. “आता कधीच चुकणार नाही.”

संतोष मात्र हसला नाही. रात्री तो संध्याला म्हणाला, आणि त्या घरातल्या भिंती अशा की बकुळाला ऐकू गेलंच, “ताईचं आता वय झालं गं. आधी नंबर विसरली, आता जोड्या उलट्यापालट्या करून आली. पुढच्या वर्षी नाही पाठवायचं.” बकुळा अंथरुणावर पडून ऐकत होती. आपण विणलेल्या जाळ्यात आपणच अडकलो. उठून खरं सांगावं तर ते याहून वेड्यासारखं वाटलं असतं.

चारपाच दिवसांत नवी जोडी आली. अचूक आली. सहा-सहाचं खोकं दाराजवळच्या स्टँडवर तसंच राहिलं.

घटस्थापनेच्या दिवशी सकाळी बकुळा मशीनवर होती. संध्या देवीला निघाली होती, बकुळानेच फॉल लावून दिलेली नवी साडी नेसून. स्टँडजवळ तिची खुडबूड चाललेली ऐकू आली.

“ताई, या पडूनच आहेत ना हो? माझ्याच नंबरच्या आहेत. घालते आज. फुकट कशाला जायच्या?”

मशीनच्या आवाजात बकुळाला ते उशिरा कळलं. तिने मान वर केली तेव्हा दार बंद झालं होतं. देवळात जाणार. म्हणजे सँडल बाहेर काढणार. नवरात्रातली गर्दी. एवढी नवी सँडल तिथे काढायची म्हणजे चोराला आवतण.

आणि अंबरनाथकडच्या कुठल्यातरी घरात पुतळाबाई दोन बारक्या सँडल जपून, जुनीच घासत, पुढच्या अष्टमीची वाट बघत असणार.

बकुळा उठली. गुडघ्यावर हात दाबत दाराबाहेर आली, जिन्याच्या कठड्याला धरून खाली वाकली आणि ओरडली, “संध्या!”

“काय हो ताई?” पार खालून आवाज आला.

“डावी काढ!”

“काय?”

“डावी सँडल काढ! ती माझी नाही. पुतळाबाईची आहे. वर आण!”

दुसऱ्या मजल्यावरचं एक दार उघडलं. पहिल्यावरचंही उघडलं.

“अहो, आल्यावर देते ना! उशीर होतोय मला!”

“नाही,” बकुळा म्हणाली. तिचा आवाज लिफ्टच्या पोकळीत घुमला आणि कबुतरं फडफडली. “आत्ता.”

संध्या लग्न होऊन या घरात आली त्याला पंचवीस वर्षं होऊन गेली होती. आत्ता, हा शब्द तिने या बाईच्या तोंडून कधी ऐकलाच नव्हता. ती वर यायला लागली. उघड्या दारांतून बायका बघत होत्या. उजव्या पायात जाड तळाची सँडल, डावा पाय अनवाणी, काढलेली सँडल हातात. एक पाऊल उंच, एक ठेंगणं. पहिल्या मजल्यापर्यंत तिने कमरेवर हात ठेवला. दुसऱ्यापर्यंत कठडा धरला. तिसऱ्याच्या शेवटच्या पायऱ्यांवर तिचा हात आपसूक डाव्या गुडघ्यावर आला आणि तो दाबत, लचकत, ती दारात येऊन उभी राहिली.

“घ्या,” ती धापा टाकत म्हणाली. रागावली होती, आणि थोडी भ्यालीही होती. “आणि या उजवीचं काय करू?”

“उजवी माझी आहे,” बकुळा म्हणाली. “ती घाल हवी तर.”

संध्याने तिच्याकडे बघितलं. मग ती खाली बसली, उजवी काढून ठेवली आणि आपल्या रोजच्या चपला घालून निघून गेली.

बकुळाने पदराने डावीचा तळ पुसला. तीन मजल्यांची धूळ होती, निघाली. दोन्ही पुन्हा खोक्यात ठेवून तिने खोकं मशीनखाली, स्वतःच्या पायांपाशी सरकवलं आणि अर्धा राहिलेला फॉल हातात घेतला. दाराशी स्टँडवर तिची स्वतःची नवी जोडी होती, डावी तीन, उजवी सहा, अगदी मापाची. तिच्या तळाला अजून धूळ लागलेली नव्हती.